पाचवा पक्षी

ताईच्या घरी पाहुण्यांच्या खोलीत बॅग ठेवायला गेले आणि पलंगावर माझं चित्र पसरलेलं दिसलं.

माझंच. दोन तिरक्या तारा आणि त्यांवर बसलेले पक्षी. गादीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तोच घोळका पुन्हा पुन्हा छापलेला, उशांच्या अभ्र्यांवरही तोच. एका उशीच्या शिवणीत एका पक्ष्याची मान कापली गेली होती. खांद्यावरची बॅग खाली ठेवायचं विसरून मी तशीच उभी राहिले.

"छान आहे ना?" ताई मागून म्हणाली. "यांच्या कारखान्याचं नवं डिझाइन. दुकानात ठेवलं की संपतंय. तुझ्यासाठी एक सेट बाजूला काढलाय मी."

मी वाकून पक्षी मोजले. खालच्या तारेवर दोन, वरच्या तारेवर तीन. पाच. मी चार काढले होते. पाचवा कुणा हलकटाने मधे आणून बसवला होता, आणि बसवला होता तोही नेमका जिथे कुणीच बसायचं नव्हतं तिथे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात मला लहानपणापासून ठिणगी म्हणतात, ते काही उगाच नाही. पण त्या दिवशी ठिणगीवर भागण्यासारखं नव्हतं.

मी टॅटू काढते. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, चपला दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी माझं दुकान आहे. एक खुर्ची, एक दिवा, भिंतभर चित्रं. भिंतीवरची चित्रं सगळ्यांची. कुणीही यावं, बोट दाखवावं, दंडावर गुलाब नाहीतर मनगटावर नांगर काढून घेऊन जावं. तोच गुलाब शंभर जणांच्या दंडावर असला तरी कुणाचं काही बिघडत नाही. पण काही माणसं येतात ती बोट दाखवत नाहीत. ती खुर्चीत बसतात आणि बोलायला लागतात. त्यांच्यासाठी काढलेलं चित्र वेगळं. ते एकाच माणसाचं. माझ्या उस्तादांनी शिकवलेला रिवाज असा, की असं चित्र कातडीवर उतरलं की त्याचा कागद गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि त्याच्याच हातानं फाडायला लावायचा. गिऱ्हाइकाने मागितला तरच फोटो, नाहीतर तोही नाही. कागद फाटला की चित्र त्या माणसाचं झालं. आपणही ते पुन्हा काढायचं नाही. आमच्या धंद्यातली जुनी माणसं अजून हे पाळतात. दुसऱ्याने केलेलं असं चित्र कुणी फोटो दाखवून मागितलं तर आम्ही त्याला दरवाजा दाखवतो.

तारा आणि पक्षी हे बेकरीवाल्या काकूंचं चित्र होतं. त्यांची बेकरी आमच्या गल्लीच्या तोंडाशी. सगळा जन्म भट्टीपुढे गेलेला. तापलेली जाळी बाहेर ओढताना ती हाताला लागायची, आणि उजव्या हाताच्या आतल्या बाजूला अशा भाजण्याच्या दोन लांब रेघा कायमच्या राहिल्या होत्या, मनगटाच्या वरून कोपराकडे तिरक्या गेलेल्या. एके दिवशी दुकान मुलींवर सोपवून काकू माझ्याकडे आल्या, हात पुढे केला आणि म्हणाल्या, "हे झाकून टाक बाई. गिऱ्हाइकं पावाकडे बघायचं सोडून हाताकडे बघतात."

झाकण्यात मला रस नव्हता. भाजलेल्या कातडीत शाई नीट धरत नाही, पसरते. मी म्हटलं, डाग राहू देत, आपण त्यांच्या तारा करू. त्यांना काही कळलं नाही. मी हातावर पातळ कागद धरून पेन्सिलीने दोन पक्षी काढून दाखवले, तेव्हा त्या इतक्या हसल्या की खुर्ची करकरली.

मग चित्र वाढत गेलं. खालच्या तारेवर त्यांच्या दोन मुली, एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या, कारण त्या दोघींचं एका दिवसाचंही पटत नाही. वरच्या तारेवर काकूंचे मालक, अंग फुगवून पेंगणारे. आणि त्याच तारेवर काकू स्वतः, एक पाय पोटाशी घेतलेल्या, कारण गुडघा दुखतो.

"ह्यांच्या आणि माझ्या मधे जागा ठेव," काकू म्हणाल्या.

"कुणासाठी?"

"पोरासाठी."

त्यांचा मुलगा घर सोडून गेला होता. बापाशी कडाक्याचं भांडण झालं, 'मला ह्या भट्टीत जळायचं नाही' म्हणाला आणि गेला. कुठे गेला ते माहीत नाही. फोन लागत नाही. काकू हे सगळं पावाचं पीठ किती भिजवायचं ते सांगावं तशा आवाजात सांगत होत्या. मी ती जागा नुसती मोकळी सोडली नाही. दोन्ही बाजूचे पक्षी जरासे बाहेरच्या बाजूला सरकवले, बाकावर कुणी यायचं असलं की आपण सरकून बसतो तसे. काकूंनी ते बरोबर ओळखलं. म्हणाल्या, "सरकलेत."

"तो आला की मला सांगा," मी म्हटलं. "मीच काढीन. तोवर तिथे कुणाची सुई टेकणार नाही."

त्यांनी कागद फाडला. बारीक बारीक तुकडे केले आणि पदराला लागलेलं पीठ झटकावं तसे माझ्या डब्यात झटकले. फोटो नको म्हणाल्या. पोरगं काही फोटोत दिसणार नाहीये, म्हणाल्या, जागाच तर आहे.

आणि आता ती जागा चादरीवर भरलेली होती. कुणीतरी तिथे एक गुबगुबीत, टपोऱ्या डोळ्यांचा पक्षी बसवला होता. दोन्हीकडचे पक्षी अजून बाहेरच सरकलेले होते, त्यामुळे मधल्याची किळस येऊन ते लांब झाल्यासारखं दिसत होतं. चोरी करणाऱ्याला तेवढंही दिसलं नव्हतं. मला सगळ्यात जास्त राग त्याचा आला.

जेवणाच्या टेबलावर मी दाजींना सरळ विचारलं. दाजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, चादरी-अभ्रे छापायचा कारखाना आहे. माणूस गोड. कुणी समोर रडलेलं त्यांना बघवत नाही. कामगार चिडले, बायको रुसली, व्यापारी ओरडला, की समोरच्याला हवं ते बोलून मोकळे होतात. 'बरं बाबा, तुम्ही म्हणाल तसं' हे त्यांचं पालुपद. नंतर करतात स्वतःला हवं तेच.

"अगं हो, सांगायचंच राहिलं," ते हसत म्हणाले. "आमच्या पिंट्याच्या वाढदिवसाचा केक आणायला तू सांगितलेल्या बेकरीत गेलो होतो. बाईंनी खोकं पुढे केलं, तर हातावर हे! म्हटलं, काय माल आहे. फोटो घेऊन टाकला."

"त्यांना विचारलंत?"

"केकचा घेतोय म्हटलं." ते पुन्हा हसले. "हात आपोआप आला त्यात."

ताई ताटात बघत होती.

"ते मी काढलंय, दाजी."

"तू? अगं मग तर घरचंच झालं! मेहुणीबाई, पुढच्या वेळी थेट तुलाच काम देतो."

"आणि मधला पक्षी?"

"तिथे भोक दिसत होतं. आमच्या डिझाइनवाल्या मुलीनं भरून काढलं. चादरीवर मोकळी जागा चांगली दिसत नाही."

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. पिंट्याला ताईनं आतल्या खोलीत पाठवलं, एवढ्यावरून ओळखा. दाजी शांत होते. पक्षी काय तुझ्या मालकीचे आहेत का, असं ते मला लहान मुलाला विचारावं तसं विचारत होते. बाईच्या उघड्या हातावरचं चित्र, ती रोज शंभर माणसांपुढे नाचवते, मग ते कुणी बघायचं नाही का? बघा की, मी म्हटलं. बघायला कोण नको म्हणतंय? रस्त्यावरून जाणाऱ्या बाईचा शर्ट आवडला म्हणून तुम्ही तो अंगावरून उतरवून घरी आणता का? शेवटी त्यांनी हात जोडले, "बरं बाई, तू म्हणशील तसं. छपाई थांबवतो," म्हणाले. मी बॅग उचलून घरी आले.

छपाई थांबली नाही. पुढच्याच आठवड्यात तेच पक्षी पडद्यांवर आले.

काकूंना कसं सांगावं ह्याचा विचार करत मी बेकरीत गेले. भट्टीपुढे घाम निथळत होता आणि काकूंनी लांब बाह्यांचा, मनगटापर्यंत बटणं लावलेला अंगरखा घातला होता. सांगायची गरजच उरली नव्हती. त्यांनी हनुवटीने रस्त्यापलीकडे दाखवलं. समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर गॅलरीत ती चादर वाळत होती. उन्हात, बेकरीच्या अगदी तोंडासमोर.

"सकाळी शटर उघडलं तर समोर," काकू म्हणाल्या. "आधी मला वाटलं, हा मधला तू काढलास."

"काकू, मी..."

"माहितीये. तू असा काढला नसतास. त्याचं तोंड बघ की. आमच्या घरात असलं तोंड कुणाचंय?" त्यांनी पावाचा ट्रे धाडकन ठेवला. "कोण आहे तो? कुणी बसवलं त्याला तिथे?"

माझ्या ताईच्या नवऱ्याने, हे मला सांगावं लागलं. काकूंनी ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, "आता तू काय करणार?" मला नेमकं हेच कुणीतरी विचारायला हवं होतं.

मी वकीलबाई गाठल्या. त्यांच्या कचेरीत खुर्च्यांपेक्षा फायली जास्त. त्या बोलताना समोरच्याकडे न बघता भिंतीवरच्या पंख्याकडे बघतात, पण एक शब्द सुटत नाही. त्यांनी आधी दिलासा दिला. चित्र काढणाऱ्याचं असतं, मग ते कागदावर असो, भिंतीवर असो की हातावर. हात काकूंचा, चित्र तुमचं. काकू ते मिरवू शकतात, पण दुसरा कुणी छापू शकत नाही. मी टेबलावर मूठ आपटली, म्हटलं झालं तर मग.

"मूळ कागद आणा," त्या म्हणाल्या.

"फाडला."

"फोटो?"

"काढला नाही."

वकीलबाईंनी पहिल्यांदा पंखा सोडून माझ्याकडे बघितलं. मी रिवाज समजावून सांगितला. त्यांनी डोळे मिटून घेतले. "म्हणजे जगात ह्या चित्राची मूळ प्रत एकच," त्या म्हणाल्या, "आणि ती रोज भट्टीत हात घालते."

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं त्याने माझी झोपच उडाली. त्यांनी चौकशी केली तेव्हा कळलं, की दाजींच्या कंपनीने पाच पक्ष्यांचं ते डिझाइन स्वतःच्या नावावर नोंदवून टाकलं होतं. मी पाठवलेल्या नोटिशीला त्यांच्या वकिलांचं उत्तर आलं ते उलट मलाच दम देणारं. हे चित्र आमच्या कलाकाराने स्वतंत्रपणे तयार केलेलं आहे, असला कुठला हात आम्ही कधी पाहिलेला नाही, आणि यापुढे तुम्ही हे चित्र कुठेही काढलंत तर तुमच्यावर कारवाई करू.

"याचा अर्थ नीट लक्षात घ्या," वकीलबाई म्हणाल्या. "आज काकूंच्या हातावर चार पक्षी आहेत. उद्या त्यांचा मुलगा परत आला आणि तुम्ही पाचवा काढलात, तर ते चित्र त्यांच्या नोंदवलेल्या चित्रासारखं होईल. त्या दिवशी कागदावर चोर तुम्ही ठराल."

मी दिलेलं वचन, मी मोकळी ठेवलेली जागा, आणि तिथे बसायचा हक्क आता एका चादरीच्या कारखान्याकडे! पोरगं घरी येणार, आई हात पुढे करणार, आणि मी म्हणणार, थांबा, दाजींना विचारून येते.

एकच साक्षीदार होता. जेवणाच्या टेबलावर दाजींनी फोटोची गोष्ट हसत हसत सांगितली तेव्हा ताई तिथे होती. मी ताईला भेटायला बोलावलं. आम्ही एका बागेच्या बाकावर बसलो.

"तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग तेवढंच सांग. जास्त काही नको."

"ठिणगे, तो माझा नवरा आहे." ताई बाकाचा रंग नखाने खरवडत होती. "चार पक्ष्यांसाठी मी त्याला खोटं पाडू? घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला नेतेस? तुला काय हवंय ते मी त्याच्याकडून घेऊन देते."

"मला काही नकोय. ती जागा हवीय."

"कसली जागा? नुसती रिकामी तर आहे ती!"

लहानपणी एका पांघरुणात झोपणारी माझी बहीण. ताप आला की माझं डोकं मांडीवर घेऊन बसणारी. तिलाही कळलं नाही. मी तशीच उठले आणि मागे वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर तोंडातून आणखी काहीतरी गेलं असतं.

ती नोंदणी रद्द करा म्हणून आम्ही अर्ज केला आणि नोंदणी कार्यालयात सुनावणी ठरली. लांबट खोली, काचेचं टेबल, हाडं गोठवणारा एसी. टेबलाच्या टोकाला अधिकारी बाई, शेजारी शब्दन्‌शब्द टाइप करणारा कारकून. पलीकडे दाजी आणि त्यांचे वकील. वकील तरतरीत, बोलताना पेनचं टोपण काढायचे आणि लावायचे. काकू आमच्या बाजूला बसल्या होत्या, बाह्या मनगटापर्यंत बंद.

"हात दाखवा," अधिकारी बाई म्हणाल्या.

काकूंनी बटणं सोडली, बाही वर सरकवली आणि हात त्या थंडगार काचेवर ठेवला. मग एकेक जण उठून बघायला आला. फूटपट्टी लावली. फोटो काढले. कंपनीच्या वकिलांनी हात जरा इकडे फिरवा, जरा तिकडे फिरवा, असं दोन-तीनदा सांगितलं. ठेल्यावरचा भोपळा उलटापालटा करून बघावा तसं चाललं होतं. मी उठायला लागले तर वकीलबाईंनी टेबलाखालून माझा गुडघा दाबून धरला.

वकिलांनी बोलायला सुरुवात केली. तारांवर बसलेले पक्षी प्रत्येक रस्त्यावर दिसतात. तार ही कुणाची कल्पना नाही, पक्षी ही कुणाची कल्पना नाही. शिवाय ह्या हातावरच्या रेघा तर अपघातानेच झालेल्या आहेत, मग कलाकार कोण, भट्टी? स्वतःच्या विनोदावर ते थोडं हसले. मूळ रेखाटन अर्जदाराकडे नाही. हे चित्र आधीचं आहे की चादर बघून काढलेलं, ह्याला पुरावा काय? आणि सगळ्यात महत्त्वाचं, इथे पक्षी चार आहेत, आमचे पाच. आमच्या रचनेत तोल आहे, ह्या रचनेत मधे खिंडार आहे. आमच्या कलाकाराने हा हात कधी पाहिलेलाच नाही.

खिंडार. माझ्या डोळ्यांपुढे लाल झालं. पण त्याआधी काकू बोलल्या.

"त्याचं नाव काय?"

"कुणाचं?" वकील म्हणाले.

टेबलावर पुरावा म्हणून चादर पसरली होती. काकूंनी मधल्या पक्ष्यावर बोट ठेवलं. "ह्याचं. हा माझा नवरा आहे. ही मी. ह्या माझ्या मुली. हिचं नाव विचारा, सांगते. मोठीचं विचारा, सांगते. आता तुम्ही ह्याचं सांगा. तुम्ही बसवलाय ना माझ्या घरात? मग नाव सांगा!"

"बाई, हा नुसता एक पक्षी..."

"नाव सांगा!" काकूंचा आवाज फुटला. "माझ्या पोराच्या जागेवर बसलाय तो! मी त्याला ओळखत नाही! हे चित्र काढलं त्या दिवसापासून मी त्या जागेला पीठसुद्धा लागू दिलं नाही, आणि तुम्ही कोण टिकोजीराव लागून गेलात तिथे कुणाला आणून बसवणारे?"

त्या रडायला लागल्या. रडणं म्हणजे हुंदके नाहीत. नुसतं पाणी वाहत होतं आणि बोट त्या पक्ष्यावरून हटत नव्हतं. कारकुनाची बोटं चालू होती.

आणि दाजी पुढे झुकले. त्यांना रडणं बघवत नाही, हे मी मघाशी सांगितलंच. ते अगदी मऊ आवाजात, घरात बोलतात तसे बोलले. "काकू, काकू, एवढ्यासाठी कशाला रडता? तुम्ही म्हणाल तसं करू ना आपण. आम्ही मधे घातलेला तो पक्षी काढून टाकतो. बस? पुन्हा तुमच्या हातावर आहे तस्सं करून टाकतो."

त्यांच्या वकिलांनी टोपण लावलं आणि पेन खाली ठेवलं.

वकीलबाई पंख्याकडे बघत होत्या. तिथे पंखा नव्हता, तरी बघत होत्या. "तेवढी शेवटची वाक्यं पुन्हा वाचून दाखवाल?" त्या कारकुनाला म्हणाल्या.

कारकुनाने सपाट आवाजात वाचलं. आम्ही मधे घातलेला तो पक्षी काढून टाकतो. पुन्हा तुमच्या हातावर आहे तस्सं करून टाकतो.

"तो एक मधे घातलात," वकीलबाई म्हणाल्या. "मग आधीचे चार कुठून आणलेत?"

दाजींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी आधी वकिलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. अजूनही त्यांच्या नजरेत असं काहीतरी होतं, की आपण तर चांगुलपणाच केला, मग हे सगळे असे का बघताहेत. मला त्यांची दया यायला हवी होती म्हणतात. छे. मला टेबलावर चढावंसं वाटत होतं.

नोंदणी रद्द झाली. चित्र माझं आहे असं कागदोपत्री ठरलं. कंपनीने दुकानांतला माल परत घ्यायचा, पुन्हा छापायचं नाही, असा हुकूम निघाला. चपला दुरुस्त करणाऱ्याने माझी पाठ थोपटली. धंद्यातल्या लोकांचे फोन आले, की बरी जिरवलीस, आता आमच्यापैकी कुणाचं काही उचलायच्या आधी लोक दहादा विचार करतील. मी सगळ्यांना हो हो म्हणत होते. ताईचा फोन आला नाही. खूप दिवसांनी एक निरोप आला, 'पलंगावर जुनी चादर घातलीये. ये.' अजून मी गेलेले नाही.

पण विकली गेलेली चादर कुणी परत आणायला जात नाही. समोरच्या गॅलरीतली ती चादर आठवड्यातून एकदा वाळत पडते. त्या घरच्या बाईचा काही दोष नाही, तिने ती दुकानातून घेतलीय. मी एकदा तिच्या दारापर्यंत गेले होते. तिने दार उघडलं, पोर कडेवर होतं, आणि मी काय सांगणार होते? पत्ता चुकला म्हणून परत आले. जिंकल्यावरचा राग कुठे ठेवायचा असतो ते मला कुणी शिकवलेलं नाही.

काकूंच्या बाह्या खालीच राहिल्या. मी एक-दोनदा म्हटलं, आता तुमचं तुम्हाला मिळालंय, बाह्या वर करा. त्या हूं म्हणायच्या आणि विषय बदलायच्या.

मग एक दिवस त्या बाहीचं टोक जाळीत अडकलं. काकूंनी हात ओढला, बाही सुटली नाही, आणि तापलेली सळई हातावर पूर्ण लांबीने टेकली. दोन जुन्या रेघांच्या खाली तिसरी. उघड्या हाताने सगळा जन्म काम केलं तेव्हा एवढं कधी भाजलं नव्हतं. त्या बाहीपायी भाजलं. आणि बाही कशापायी होती? हे मी कुठल्या अधिकारी बाईपुढे मांडू?

त्या माझ्याकडे आल्या, हाताला पट्टी होती. मी म्हटलं, जखम पूर्ण भरू दे, नवी कातडी घट्ट होऊ दे, मग या. त्या गेल्या, आणि बऱ्याच महिन्यांनी आल्या. अंगात अर्ध्या बाह्यांचा अंगरखा होता.

"आता हिची तार कर," नव्या रेघेवर बोट ठेवून त्या म्हणाल्या.

"आणि पक्षी?"

"एकही नको. ही सगळी त्याची. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"आणि वरची जागा? ती आता आपली आहे, काकू. आपण भांडून घेतलीय ती. तो आला की मी तिथे काढू शकते, कुणाच्या बापाला विचारावं लागणार नाही."

काकूंनी वरच्या तारेकडे, स्वतःच्या आणि मालकांच्या मधे बघितलं.

"तिथे तो बसलाय ना," त्या म्हणाल्या. "तुला दिसत नाही. मला दिसतो. टपोऱ्या डोळ्यांचा." मग माझा हात धरून विचारलं, "तो पुसता येतो का गं?"

तिथे शाईचा थेंब नव्हता. नितळ कातडी होती. जे काढलंच नाही ते मी कशाने पुसू? मी मान हलवली.

मी तार केली. भाजलेल्या रेघेच्या दोन्ही टोकांना थोडी शाई, एवढंच काम. सुई थांबवली, हात पुसला, आणि सवयीने रेखाटनाचा कागद काकूंच्या हातात दिला.

त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. मी डबा पुढे केला. त्यांनी कागद फाडला नाही. घडी घातली आणि परत माझ्याच हातात ठेवला.

"ठेव," त्या म्हणाल्या. "कुलपात ठेव. पुन्हा कधी कुणाच्या टेबलावर मला माझा हात ठेवायचा नाहीये."

उस्ताद असते तर काय म्हणाले असते कुणास ठाऊक. मी एक कप्पा रिकामा केला आणि त्याला कुलूप घेऊन आले. त्यात तो कागद आहे. त्यावर एक रेघ आहे, बाकी काही नाही.